ओम्बुड्समानमधला ‘मान’ गेला ते बरंच झालं

इंग्रजीत ऑम्बुड्समन, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, या शब्दावरून वाद निघाला की एक मुद्दा हमखास येतोच. कोणीतरी म्हणतं की पदाच्या नावात मॅन कशाला, त्या खुर्चीत बाईही बसते की, आणि लगेच दुसरं कोणीतरी सांगतं, अहो हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच, स्कँडिनेव्हियन आहे, तिकडे ‘मान’ म्हणजे पुरुष नाही तर माणूस, त्यामुळे शब्द जन्मापासूनच न्यूट्रल आहे, बदलायचं काही कारण नाही. ऐकायला एकदम पक्कं वाटतं, अभ्यास करून बोलल्यासारखं, आणि मग समोरचा गप्प बसतो.

पण नॉर्वेने स्वतः हा ‘मान’ काढून टाकलाय. तिथल्या संसदेने म्हणजे स्टोर्टिंगने निवडलेलं जे तक्रारी ऐकणारं ऑफिस आहे, ज्याला सगळे सिविलओम्बुड्समान म्हणायचे, ते १ जुलै २०२१ पासून नवीन कायद्याने सिविलओम्बुडे झालं. त्याच वर्षी १ जानेवारीला फिल्केसमान हे जिल्ह्याच्या राज्यपालासारखं पद नाव बदलून स्टाट्सफोरवाल्टर झालं, आणि १ जुलैलाच उत्तरेला स्वालबार्ड बेटांवरचा सिसेलमान झाला सिसेलमेस्टर. एका वर्षात तीन मोठ्या पदांच्या शेपटीतला ‘मान’ गेला. म्हणजे ज्यांचा शब्द, ज्यांची भाषा, त्यांनाच तो न्यूट्रल वाटत नव्हता आणि आपण मात्र त्यांच्या वतीने तो न्यूट्रल आहे असं ठासून सांगतोय.

मला यात जे म्हणायचंय ते आधीच सांगते. शब्द कुठून आला हे माहीत असावं, मला तर या गोष्टीचं वेडच आहे, पण सार्वजनिक पदाचं नाव काय असावं याचा निकाल व्युत्पत्तीवर सोडू नये. निकाल लावायचा तो एका साध्या प्रश्नावर, की कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला त्या पाटीवरून कळतं का की आत बसलेली व्यक्ती कोणाच्या वतीने बसलीये. बाकी सगळं नंतर.

आता शब्द उघडून बघू, कारण तो खरंच सुंदर आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेत, तो उम्बोद्समाद्र. उम्, बोद, मग सांध्यावरचा ‘स्’, मग माद्र म्हणजे आजचा ‘मान’. तो ‘स्’ षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपण शाळेत शिकलो तो षष्ठी तत्पुरुष, उम्बोदाचा माणूस. फरक इतकाच की राजाचा पुत्र म्हणताना आपण राजपुत्रात ‘चा’ गाळून टाकतो आणि हे लोक आपला ‘स्’ तसाच ठेवतात, जशी युधिष्ठिरमध्ये सप्तमी तशीच राहिलीये. (समासांसाठी तत्पुरुष, बहुव्रीही ही नावं युरोपातले भाषातज्ज्ञही वापरतात, आणि नॉर्वेजियनमध्ये बहुव्रीही भरपूर आहेत, एका छोट्या पक्ष्याचं नाव तिकडे शब्दशः ‘लालगळा’ आहे, आपल्या नीलकंठासारखंच.)

बोद म्हणजे निरोप, हुकूम, कोणी देऊ केलेली गोष्ट. ज्या मुळातून तो आला त्याच मुळातून संस्कृतचा बुध् धातू आला, म्हणजे आपला बोध. उम् म्हणजे भोवती किंवा बद्दल, तो आपल्या अभि आणि अभितःचा भाऊबंद. आणि ‘मान’ तर मनु, मनुष्य यांच्याच घरातला. अभि, बोध, मनु, तिन्ही तुकड्यांना आपल्याकडे नातेवाईक आहेत. हे मला कधीच जुनं होत नाही, दरवेळी तितकंच भारी वाटतं. पण आता विचार करा, या तीन संस्कृत शब्दांची कशीही जुळवाजुळव केली तरी त्यातून ‘सरकारी खात्याने केलेल्या अन्यायाची तक्रार ऐकणारी स्वतंत्र व्यक्ती’ हा अर्थ निघतो का, कणभरही निघत नाही. मूळ एक आहे, नातं खरं आहे, आणि तरीही आजच्या अर्थाबद्दल ते नातं आपल्याला काहीच सांगत नाही. व्युत्पत्तीची मर्यादा मला इथेच सगळ्यात स्वच्छ दिसते.

उम् आणि बोद एकत्र आले की उम्बोद होतं आणि त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, मुखत्यारी. गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी पुण्यात राहणारा भाऊ दुसऱ्या भावाला कुलमुखत्यारपत्र करून देतो ना, तू माझ्या वतीने सही कर, ते म्हणजे उम्बोद. आइसलँडमध्ये ही जुनी भाषा बऱ्यापैकी टिकून आहे तर तिथे आजही उम्बोद म्हणजे एजन्सी, गाड्यांच्या डीलरला ते बीलाउम्बोद म्हणतात, गायकाच्या एजंटला उम्बोद्समादुर म्हणतात, आणि त्यांच्या संसदेने तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यालाही उम्बोद्समादुरच म्हणतात. तिन्हीकडे मतलब एकच, हा स्वतःसाठी बोलत नाहीये, दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने बोलतोय.

आणि तो दुसरा कोण, हेच इतिहासात पार उलटं झालं. मध्ययुगातल्या नॉर्वेच्या कायद्यांमध्ये उम्बोद्समाद्र येतो तो राजाचा माणूस म्हणून, राजाच्या वतीने वसुली करणारा, राजाचं येणं बघणारा. शेतकऱ्याच्या दारात तो आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येत असणार. पुढे स्वीडनचा राजा बारावा कार्ल युद्ध हरून तुर्कांच्या मुलखात अडकून पडलेला असताना त्याने १७१३ मध्ये आपल्या मागे अधिकारी नीट वागतायत का हे बघायला एक सर्वोच्च ओम्बुड्समान नेमला, म्हणजे अजूनही राजाचाच माणूस पण आता नजर अधिकाऱ्यांवर. मग १८०९ च्या राज्यघटनेने स्वीडनच्या संसदेने स्वतःचा ओम्बुड्समान नेमला आणि मुखत्यारी राजाकडून लोकप्रतिनिधींकडे आली. फिनलंडमध्ये १९२०, डेन्मार्कमध्ये १९५५, नॉर्वेमध्ये आधी १९५२ ला सैन्यासाठी आणि १९६२ च्या कायद्याने नागरी कारभारासाठी. सातशे वर्षांत तोच शब्द, तेच तीन तुकडे, आणि राजाच्या बाजूने शेतकऱ्याकडे येणारा माणूस शेतकऱ्याच्या बाजूने सरकारकडे जाणारा माणूस झाला. जो म्हणतो की शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ, त्याने मग नॉर्वेच्या ओम्बुडला सारा वसूल करायला पाठवावं लागेल.

आता त्या ‘मान’कडे येते. मूळ अर्थ माणूस होता हे शंभर टक्के खरंय, मी ते नाकारत नाहीच. जुन्या नॉर्समध्ये पुरुषासाठी कार्लमाद्र आणि बाईसाठी क्वेनमाद्र असे वेगळे शब्द होते आणि नुसता माद्र दोघांसाठी. मराठी माणसाला हे समजवायची गरजच नाही कारण आपण बाईमाणूस आणि गडीमाणूस म्हणतो, अगदी तीच रचना, आणि दोन्हीकडचा माणूस एकाच मुळाचा. आणि जे नॉर्वेत झालं ते आपल्याकडेही अर्धंमुर्धं झालेलंच आहे. गावाकडे पंगतीत ‘आधी माणसं बसू द्या, बायका मागून बसतील’ असं म्हणतात तेव्हा त्यातली माणसं म्हणजे कोण हे कोणाला विचारावं लागत नाही.

नॉर्वेजियनमध्ये हा प्रवास पूर्ण झाला. आजच्या नॉर्वेजियन मुलाला ‘मान’ म्हणजे काय विचारलं तर तो पुरुषच सांगणार. बाई ‘मानेन मिन’ म्हणते तेव्हा तिला माझा नवरा असंच म्हणायचं असतं. काही वाक्प्रचारात जुना अर्थ टिकलाय, जहाजावर सगळ्यांना वर बोलवायचं तर ‘सगळे मान डेकवर’ म्हणतात, त्यात बायका आल्याच, पण ते गोठलेले शब्द. रोजच्या बोलण्यात तो अर्थ मेलाय. आणि लोक पाटी वाचतात ती रोजच्या भाषेतून, जुन्या नॉर्सच्या डिक्शनरीतून कोणी वाचत नाही.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरं उदाहरण. १९७४ मध्ये एब्बा लोडेन या बाई दक्षिणेकडच्या आउस्ट-आग्दर जिल्ह्याच्या फिल्केसमान झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या बाई. फिल्केसमान म्हणजे आजच्या कानाला ‘जिल्ह्याचा पुरुष’. म्हणजे लेटरहेडवर जिल्ह्याचा पुरुष आणि खाली सही एब्बाची. बाई काम करत होत्या, लोक त्यांच्याकडे जात होते, कोणाचं काही अडलं नाही हे मान्य. पण प्रत्येक पत्रावर, प्रत्येक भाषणाच्या आधी, प्रत्येक नवीन भेटीत त्या पदाचं नाव सांगत राहिलं की ही जागा मुळात दुसऱ्या कोणाची आहे आणि या बाई तिथे अपवाद म्हणून बसल्यात. पदाचं नाव बदललं २०२१ मध्ये, म्हणजे एब्बा लोडेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी. मधल्या काळात ग्रो हार्लेम ब्रुंटलांड १९८१ मध्ये पंतप्रधान झाल्या, १९८६ च्या त्यांच्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ बायका होत्या, आणि तरी जिल्ह्याच्या पाटीवर ‘मान’ तसाच. म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतं की नाव बदलून काय होणार, आधी परिस्थिती बदला, तेव्हा मी म्हणते की नॉर्वेत परिस्थिती आधीच बदलली होती, नावच मागे राहिलं होतं, आणि मागे राहिलेली गोष्ट ओढून पुढे आणायला कशाची वाट बघायची.

बरं, आइसलँडचं काय, असं विचारणारे बरोबर विचारतात. तिथे खासदार बाई असली तरी थिंगमादुर, मंत्री बाई असली तरी राउदहेर्रा, आणि हेर्रा म्हणजे तर सरळसरळ ‘साहेब’. फेरो बेटांवर १९९३ मध्ये मारिता पेतेर्सेन पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांचं पद लोग्मादुर, म्हणजे कायद्याचा माणूस, असंच होतं. हा मुद्दा मला सोडून द्यावासा वाटत नाही कारण त्यात दम आहे. पण आइसलँडिकमध्ये मादुर या शब्दाचा ‘माणूस’ हा अर्थ अजून जिवंत आहे, क्वेनमादुर हा शब्द रोज वापरात आहे, तिथल्या बाईला ‘मी मादुर आहे’ म्हणता येतं. नॉर्वेत ते दार बंद झालंय. आणि तरी तिकडेसुद्धा राउदहेर्रावर प्रश्न विचारणाऱ्या बायका आहेतच. म्हणजे आइसलँडचं उदाहरण एवढंच सिद्ध करतं की प्रत्येक भाषेने आपला आजचा कान ऐकून ठरवावं. शेजाऱ्याचा कान उसना आणून भागत नाही.

आता नॉर्वेने जे बदल केले ते सगळे चांगले का, तर नाही, आणि इथे मला तीन पदांबद्दल वेगवेगळं वाटतं.

ओम्बुडचं काम सगळ्यात सुंदर झालं. समास नेमका सांध्यावर तोडला, ‘स्मान’ बाजूला काढला आणि मागे राहिला ओम्बुड, म्हणजे मुखत्यारी. पद म्हणजे माणूस नाहीच, पद म्हणजे दिलेला अधिकार, हे त्या उरलेल्या शब्दातच आलं. आणि तो शब्द कुठल्या कमिटीने रात्रीत बनवलेला नाही, १९७९ पासून नॉर्वेत समानतेसाठीचा ओम्बुड होता, एवा कोलस्टाड पहिल्या, जगात तशा प्रकारचं ते पहिलंच पद, मग १९८१ मध्ये मुलांसाठीचा ओम्बुड, तोही जगात पहिला. लोकांच्या तोंडात शब्द बसलेला होता, कायद्याने फक्त जुन्या पदाला त्या रांगेत आणून उभं केलं. हान्ने हार्लेम २०२० मध्ये या पदावर आलेल्या पहिल्या बाई, त्या ओम्बुड्समान म्हणून आल्या आणि ओम्बुड म्हणून काम करत राहिल्या. कामगार संघटनांमध्ये असाच एक चांगला बदल आधी झाला होता, टिलिट्समान म्हणजे विश्वासाचा माणूस, त्याचं झालं टिलिट्सवाल्ट म्हणजे विश्वासाने निवडलेला किंवा निवडलेली. ‘मान’ गेला आणि त्याच्या जागी निवडणूक आली, नाव आधीपेक्षा जास्त खरं झालं.

फिल्केसमानचं मात्र मला वाईट वाटतं, कारण तिथे ‘मान’सोबत फिल्के पण गेलं. या एका शब्दात देशाचा इतिहास साठलाय. फिल्के हा जुना नॉर्स शब्द, फोल्क म्हणजे लोक याच्याशी नात्याचा, छोट्या छोट्या राजांच्या काळातले मुलूख म्हणजे फिल्के. मग नॉर्वे शतकानुशतकं डेन्मार्कच्या ताब्यात, १६६२ मध्ये तिकडच्या राजाने मुलखांना आम्ट आणि अधिकाऱ्याला आम्टमान हे नाव दिलं. आम्ट आला जर्मनमधून आणि जर्मनमध्ये आला केल्टिक आम्बाक्टुसवरून, म्हणजे सेवक, भोवती फिरवला जाणारा माणूस, आणि त्यातला आम्बि म्हणजे परत तेच, आपलं अभि आणि ओम्बुडमधलं ओम्. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन पूर्ण स्वतंत्र झाला आणि मग जुनी नावं परत आणायची लाट आली, १९१९ पासून आम्टचं परत फिल्के झालं, १९२५ मध्ये क्रिस्तियानियाचं ओस्लो झालं. एवढ्या कष्टाने परत आणलेला शब्द पदाच्या नावातून शंभर वर्षांनी गेला आणि त्याच्या जागी आलं स्टाट्सफोरवाल्टर, ज्याचे दोन्ही तुकडे दक्षिणेकडून आलेले, स्टाट लॅटिनवरून, फोरवाल्टर जर्मन वळणाचा, जमीनदाराच्या इस्टेटीवर कारभारी असायचा त्याला फोरवाल्टर म्हणत. ज्यांना नॉर्स शब्दांबद्दल जीव आहे त्यांना हे लागणारच, मला परक्या माणसालाही लागतं.

पण मग मी माझीच कसोटी लावून बघते, पाटी वाचून कळतं का की हा कोणाच्या वतीने बसलाय. आणि इथे फिल्केसमान नापास होतो. कारण प्रत्येक फिल्केमध्ये लोकांनी निवडून दिलेली फिल्केसकोमुने म्हणजे जिल्हा परिषदेसारखी संस्था आहे आणि फिल्केसमान तिचा नव्हताच, तो ओस्लोतल्या केंद्र सरकारचा प्रतिनिधी. नावात फिल्के असल्याने लोकांना वाटायचं की हा आमच्या जिल्ह्याचा माणूस. स्टाट्सफोरवाल्टर नाव कोरडं आहे, ऐकून कोणाच्या अंगावर काटा येणार नाही, पण ते पहिल्याच शब्दात सांगतं की मी स्टाटचा, राज्यसंस्थेचा. त्यात २०२० पर्यंतच्या फेररचनेत १९ जिल्ह्यांचे ११ झाले, ओस्लोचं आणि शेजारच्या नव्या वीकेन जिल्ह्याचं ऑफिस एकच, मग २०२४ ला वीकेन आणि अजून दोन जिल्हे मोडले आणि जिल्हे १५ झाले पण ही ऑफिसं दहाच राहिली, म्हणजे एक ऑफिस आणि एक फिल्के हा हिशोबही जुळत नाही. मला शब्द म्हणून फिल्के हवा होता. पण त्या पाटीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी स्टाट्सफोरवाल्टर जास्त प्रामाणिक आहे आणि तोच विचार आधी करायला हवा. कोणी म्हणेल की मग फिल्केसओम्बुड का नाही केलं, जुन्या अर्थाने तर तो बरोबर राजाचाच माणूस होतो. होतो, व्युत्पत्तीने अगदी फिट बसतो, पण आजच्या नॉर्वेत ओम्बुड ऐकलं की लोकांना आपली बाजू घेणारा वाटतो, आणि सरकारच्या प्रतिनिधीला ते नाव देणं म्हणजे लोकांची दिशाभूल झाली असती.

सिसेलमेस्टर मला सगळ्यात कमी पटतं. स्वालबार्डवर १९२५ पासून सिसेलमान हे पद, जिल्ह्याचा राज्यपालही तोच, पोलीसप्रमुखही तोच, लग्नं लावणाराही तोच, आणि गावाबाहेर जाताना पांढऱ्या अस्वलांपासून काय काळजी घ्यायची हे सांगणारं ऑफिसही तेच. सिसेल म्हणजे आधी काम, जबाबदारी, मग ज्या भागाची जबाबदारी तो भाग. आजही नॉर्वेजियनमध्ये रोजगाराला सिसेलसेटिंग म्हणतात. त्यातला ‘मान’ काढला आणि मेस्टर लावला, लॅटिन मागिस्टरवरून आलेला, गुरू, उस्ताद. मेस्टर आजच्या कानाला बायकांनाही चालतो हे खरंय, नॉर्वेची स्की करणारी मुलगी जिंकली की तिलाही वर्ल्ड मेस्टरच म्हणतात. पण मास्तर कशाचा, कोणाच्या वतीने, हे त्यातून काहीच कळत नाही. ‘मान’ निदान नोकर तरी असू शकतो, मेस्टर मालकच वाटतो. तिथे सिसेल तेवढं वाचलं हे बरं झालं, पण शेपटीसाठी अजून शोधायला हवं होतं.

राहता राहिले नोर्डमान, म्हणजे नॉर्वेचा रहिवासी, आणि आलेमान्सरेटेन, म्हणजे कोणाच्याही मोकळ्या रानातून चालायचा सर्वांचा हक्क, १९५७ च्या कायद्यात लिहिलेला. तिथेही ‘मान’ आहे. फिनलंडने त्यांच्या तसल्याच शब्दातला माणूस म्हणजे पुरुष काढून ‘प्रत्येकाचा हक्क’ म्हणायला सुरुवात केलीये. माझं मत असं की ही पदं नाहीत, तिथे कोणाला कोणी मुखत्यारी दिलेली नाही, त्यामुळे कायद्याने घाई करू नये, बोलणाऱ्यांनी बोलता बोलता ठरवावं.

आपला या सगळ्याशी संबंध नाही असं कोणी समजू नये, कारण हा शब्द आपल्याकडे कधीच येऊन बसलाय. १९६३ मध्ये एल. एम. सिंघवींनी संसदेत बोलताना ओम्बुड्समानसाठी लोकपाल हा शब्द सुचवला, १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून लोकायुक्त आधी प्रत्यक्षात आणला. मग २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या उपोषणाने लोकपाल हा शब्द घराघरात गेला, २०१३ मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९ उजाडलं.

या दोन शब्दांपैकी मला लोकायुक्त कितीतरी जास्त बरोबर वाटतो. पाल म्हणजे सांभाळणारा, पाळणारा, राज्यपाल, द्वारपाल, गोपाल. लोकांना सांभाळणारा कोणीतरी वर बसलाय आणि आपण खाली, असं चित्र त्यातून उभं राहतं. आयुक्त म्हणजे नेमलेला, कामाला जुंपलेला, लोकायुक्त म्हणजे लोकांनी कामाला लावलेला, आणि हे उम्बोदाच्या फार जवळ जातं. मी हे व्युत्पत्तीवरून म्हणतेय असं वाटेल, पण आयुक्त शब्द आपण रोज वापरतो, महापालिका आयुक्त, पोलीस आयुक्त, नेमलेला अधिकारी हा अर्थ आजच्या कानाला ऐकू येतो, म्हणून म्हणतेय. राष्ट्रपतीचं उलटं आहे. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हाही या शब्दावर चर्चा झालीच, आणि उत्तर काय मिळायचं तर पती म्हणजे मूळ संस्कृतात स्वामी, नवरा हा नंतरचा अर्थ. असेल. नॉर्वेच्या ‘मान’लाही अगदी हेच उत्तर मिळत होतं, आणि तिकडेही घरातल्या भाषेत त्याचा अर्थ नवराच होता. बदलायचा की नाही तो वेगळा वाद, पण पतीचा मूळ अर्थ सांगून तो वाद मिटवता येणार नाही एवढं नक्की.

आणि सगळ्यात जास्त मला बँकेतल्या लोकपालाबद्दल बोलायचंय कारण तिथे सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आणली, इंग्रजीत ऑम्बुड्समन, मराठीत लोकपाल. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिकडे जाता येतं, फी लागत नाही, योजना चांगली आहे आणि लोकांनी ती वापरावी. पण हा लोकपाल म्हणजे रिझर्व्ह बँकेने आपल्याच अधिकाऱ्यांमधून नेमलेला अधिकारी. नॉर्वेचा ओम्बुड दर निवडणुकीनंतर स्टोर्टिंग चार वर्षांसाठी निवडते, म्हणून त्याच्या नावातली मुखत्यारी खरोखर लोकांकडून आलेली असते. आपल्या बँकेच्या लोकपालाच्या नावात लोक आहेत आणि नेमणुकीत लोक कुठेच नाहीत. पेन्शनचे पैसे अडकलेली म्हातारी बाई ते नाव वाचून समजते की हा आपला माणूस, सरकारच्या आणि बँकांच्या बाहेरचा, अण्णांच्या आंदोलनातला तो लोकपाल हाच. तो नसतो. त्याचा निर्णय वाईट असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो कोणाच्या वतीने बसलाय हे पाटीने खरं सांगावं एवढंच म्हणतेय. ‘रिझर्व्ह बँक तक्रार आयुक्त’ म्हणा ना सरळ, चार शब्दांत कोणाचा, कशासाठी आणि नेमलेला हे तिन्ही येतं, बाई असो पुरुष असो बदलावं लागत नाही, आणि लोकपाल हा शब्द २०१३ च्या कायद्याने ज्यांना दिलाय त्यांच्यासाठीच राहू द्या.